न विकणे, न भाड्याने देणे, न मोडणे
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या जपानच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. परदेश पाहून आलेली कुटुंबे आज आपल्या ज्ञातीत घरोघर आहेत. तेव्हा मोठमोठी शहरे, वेगवान आगगाड्या आणि उंच मनोरे यांचे वर्णन ऐकवून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही उभयतांनी एका डोंगराळ खेड्यातील जुन्या सरायीत एक रात्र काढली, तेवढ्याचीच हकीकत सांगणार आहोत. आपल्या संस्थेची तीर्थक्षेत्रातील धर्मशाळा विकावी की राखावी, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्या प्रश्नाशी या हकीकतीचा जवळचा संबंध आहे, असे आम्हांला वाटते.

त्या खेड्याचे नाव त्सुमागो. जपानच्या मध्यभागी नागानो प्रांतात किसो नदीचे अरुंद खोरे आहे, तेथे ते वसले आहे. इ. स. १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्यातील शोगुनांनी त्या देशाचा कारभार चालविला. त्यांची राजधानी एदो, म्हणजे आजचे तोक्यो. आणि सम्राटाचे वास्तव्य क्योतो येथे. या दोन नगरांना जोडणारे दोन राजमार्ग होते. एक समुद्रकाठाने जाई, दुसरा डोंगरांतून. डोंगरातील मार्गाला नाकासेंदो म्हणत. त्याची लांबी सुमारे ५३० किलोमीटर, आणि त्यावर ६९ ठाणी. एदोहून निघाले की त्सुमागो हे बेचाळिसावे ठाणे लागे. डोंगरातील वाट चढणीची खरी, पण समुद्रकाठच्या मार्गावरील मोठ्या नद्यांचे उतार तिच्यावर नव्हते. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनाशी विवाह करण्यासाठी क्योतोहून एदोला गेली, ती याच मार्गाने.

ठाणे याचा अर्थ केवळ मुक्कामाची जागा असा नव्हे. किसो खोऱ्यातील प्रत्येक ठाण्याला सरकारी कामासाठी २५ माणसे आणि २५ घोडी सदैव सज्ज ठेवावी लागत. सरदारांना आळीपाळीने एदोत राहण्याची सक्ती असल्यामुळे त्यांचे लवाजमे सतत येत-जात. त्यांच्यासाठी गावात एक मुख्य वाडा असे, त्याला होन्जिन म्हणत; आणि त्याच्या जोडीला दुसरा, त्याला वाकी-होन्जिन. सामान्य वाटसरूंसाठी हातागो नावाच्या सरायी असत; तेथे बिछाना आणि जेवण दोन्ही मिळे. ज्याला तेही परवडत नसे, त्याच्यासाठी आणखी साधी जागा होती. तेथे वाटसरूने आपला शिधा आपणच शिजवावा आणि फक्त सरपणाचे पैसे द्यावेत, असा रिवाज असे. हे ऐकताच आम्हांला आपल्या धर्मशाळांतील तीन दगडांच्या चुलींची आठवण झाली. १८४३ च्या सरकारी नोंदीप्रमाणे त्सुमागोत ८३ घरे आणि ४१८ माणसे होती, आणि त्या ८३ घरांत सरायी होत्या ३१! सारा गाव वाटसरूंवर जगत होता, असेच म्हणावयास हवे.

पुढे शोगुनशाही गेली. १८७२ मध्ये ठाण्यांची पद्धत बंद झाली, आणि १९११ मध्ये किसो खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग पुरा झाला. त्याची वाट नदीकाठाने गेली. त्सुमागो बाजूला पडले. वाटसरू संपले, तरुण माणसे शहरांकडे गेली, छपरे गळू लागली. घरे तशीच राहिली, याचे कारण आरंभी तरी प्रेम नव्हते. ती पाडून नवी बांधण्याइतका पैसाच गावात नव्हता, हे होते.

आम्ही शेजारच्या मागोमे गावाहून पायी निघालो. वाट सुमारे आठ किलोमीटरची. मध्ये जवळजवळ ८०० मीटर उंचीची खिंड आहे. अस्वले असलेला मुलूख असल्यामुळे वाटेत जागोजाग घंटा टांगल्या आहेत. वाटसरूने ती वाजवून पुढे जावयाचे. खिंड ओलांडल्यावर एक जुने चहाघर लागले. तेथे स्थानिक मंडळी येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा देतात. आपल्याकडील पाणपोईचेच हे भावंड!

गावाच्या तोंडाशी रस्ता एकाएकी काटकोनात दोनदा वळतो. शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये म्हणून केलेली ती जुनी योजना आहे. पुढे दोन्ही बाजूंना लाकडी घरांची रांग; वरचा मजला खालच्यापेक्षा किंचित पुढे आलेला, दर्शनी भागाला बारीक पट्ट्यांची जाळी, आणि काही छपरांवर लाकडी फळ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. विजेची एक तार दिसत नाही. त्या सर्व घरांच्या मागून नेल्या आहेत. दिवसा त्या रस्त्यावर मोटारींना मज्जाव आहे.

आमची सराय या रांगेतच होती. उंबऱ्याशी पादत्राणे काढली, तेव्हा यजमानीणबाईंनी गुडघे टेकून आमचे स्वागत केले. खोली लहान, खाली गवताच्या चटया, भिंतींच्या जागी कागदाचे सरकते पडदे. शेजारच्या खोलीतील माणूस खोकला तरी ऐकू येतो. त्यामुळे आपणही आपोआप हळू बोलू लागतो. स्नानगृह सर्वांना मिळून एकच. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचे, मग लाकडी टाकीतील कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसावयाचे, आणि ते पाणी पुढच्या पाहुण्यासाठी तसेच ठेवावयाचे. दुसऱ्याचा विचार शिकविणारी याहून साधी शाळा आम्ही पाहिली नाही.

रात्रीच्या जेवणात नदीचा मासा मीठ लावून भाजलेला, डोंगरातील रानभाज्या, बकव्हीटच्या पिठाच्या शेवया, आणि भात कुटून काडीला थापून वर अक्रोडाचा गोड-खारट लेप देऊन निखाऱ्यावर भाजलेला एक पदार्थ होता. आपल्यापैकी शाकाहारी मंडळींनी मात्र आगाऊ कळवावे. कारण वरकरणी निव्वळ भाजीचा वाटणारा रस्साही तेथे बहुधा सुक्या माशाच्या अर्कात केलेला असतो. जेवणानंतर जमिनीवर गाद्या पडल्या, आणि दहाच्या सुमारास सारा गाव शांत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खांबाकडे आमचे लक्ष गेले. वरचा सारा खांब धुराने काळा पडलेला, आणि तळचा हातभर भाग मात्र फिक्या नव्या लाकडाचा. जपानी सुतारांची ही जुनी रीत आहे. खांबाचा पाया कुजला म्हणजे ते खांब फेकीत नाहीत. कुजका भाग तेवढा कापतात आणि खाचेत खाच बसवून नवे लाकूड जोडतात. घर जुने राहते आणि भार नव्यावर येतो. आमच्या सबंध प्रवासात पाहिलेल्या गोष्टींपैकी ही सर्वांत मोलाची, असे आम्ही समजतो.

आता हे गाव वाचले कसे, ते सांगतो. १९६८ हे मेइजी राजवटीच्या आरंभापासूनचे शंभरावे वर्ष. त्या निमित्ताने नागानो प्रांताने त्सुमागोतील घरांच्या जीर्णोद्धाराला साहाय्य दिले, आणि तीन वर्षांत २६ घरे पूर्ववत झाली. ओता हिरोतारो हे स्थापत्याच्या इतिहासाचे विख्यात पंडित मार्गदर्शक म्हणून लाभले. परंतु पैसा आणि पंडित यांनीच काम भागले असते, तर जगातील एकही जुने गाव उजाड झाले नसते. त्याच १९६८ साली गावकऱ्यांनी त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांचे मंडळ स्थापिले, आणि १९७१ मध्ये सर्व रहिवाशांनी मिळून एक सनद केली. तिचा गाभा तीन शब्दांत आहे : उरानाई, कासानाई, कोवासानाई, म्हणजे न विकणे, न भाड्याने देणे, न मोडणे.

या तीन शब्दांचा व्यवहार पाहावा. घर विकले की ते गावाबाहेरच्या पैशाच्या हाती जाते. भाड्याने दिले की हंगामापुरता दुकानदार येतो, आणि त्याची नजर गिऱ्हाइकावर असते, घरावर नसते. मोडले, की पुढे बोलावयास काहीच उरत नाही. ही सनद म्हणजे सरकारी कायदा नव्हे. तो शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला शब्द होय. कायदा मागाहून आला : १९७६ मध्ये जपान सरकारने पारंपरिक वास्तुसमूहांची जी पहिली सात क्षेत्रे निवडली, त्यांत त्सुमागो होते. त्यात केवळ घरे नाहीत. भोवतालची शेते आणि डोंगर धरून १२४५ हेक्टर जागा आहे. सरायीच्या खिडकीतून दिसणारा डोंगर गेला, तर सराय राखून काय उपयोग, हा त्यामागील विचार.

यावरून तेथे सारे सुखच आहे, असे मात्र कोणी समजू नये. जपानच्या बहुतेक डोंगरी खेड्यांप्रमाणे येथेही वृद्ध अधिक आणि तरुण थोडे आहेत. पाहुण्यांची उठबस पहाटेपासून रात्रीपर्यंत करावी लागते. ती पुढच्या पिढीने पत्करली नाही तर सरायीचे दार बंद होते. घर न मोडण्याची शपथ पाळता येते, परंतु चूल पेटती ठेवण्यास माणूसच लागतो. आणि जेथे चूल पेटत नाही, ते घर नुसते मोडले नाही म्हणून वाचले असे म्हणता येत नाही.

ज्ञातिबंधूंनो, आता आपल्या धर्मशाळेकडे वळतो. ती विकावी असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही. येणाऱ्या रकमेतून मुलांना शिष्यवृत्त्या देता येतील, हे त्यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. खांबांना वाळवी लागली आहे, हेही खरे. परंतु शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी वर्गणी गोळा करता येते. आपल्या पणजोबा-पणजींनी दिलेल्या देणग्यांतून उभी राहिलेली ओसरी पुन्हा कोणत्याही वर्गणीतून मिळणार नाही. आणि आपणांस एक प्रश्न विचारावयाचा आहे : आपल्यापैकी किती कुटुंबे गेल्या पाच वर्षांत त्या धर्मशाळेत एक रात्र तरी राहिली? आपण तीर्थाला जातो, दर्शन घेतो आणि हॉटेलात उतरतो. धर्मशाळा वाळवीने जितकी खाल्ली, तितकीच ती आपल्या न जाण्यानेही खाल्ली आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : काही निर्णय करण्यापूर्वी वास्तूचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे तयार करावीत, आणि जाणत्या सुताराकडून प्रत्येक खांब तपासून घ्यावा. कुजले असेल तेवढेच बदलावे. दुसरी : स्नानगृहे आणि शौचालये आजच्या गरजेप्रमाणे नवी बांधावीत. त्सुमागोची घरे जुनी आहेत, पण तेथील पाहुण्याला कढत पाणी मिळते; जुनेपणाच्या नावाखाली गैरसोय खपवून घेण्याचे कारण नाही. तिसरी, आणि आमच्या मते मुख्य : प्रत्येक सभासद कुटुंबाने वर्षातून एक रात्र तेथे रीतसर आकार भरून राहावे, आणि मुलांना बरोबर न्यावे. ज्या मुलाने त्या ओसरीवर पथारी टाकून रात्र काढली, ते मोठेपणी विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोनदा विचार करील.

हे सारे दोन वर्षे करून पाहावे. एवढे करूनही धर्मशाळा ओस राहिली, तर ती विकण्याच्या ठरावाला आम्ही स्वतः अनुमोदन देऊ. परंतु एकदाही मनापासून न राहता ती विकू नये, एवढीच आपल्या चरणी विनंती आहे.