मद्यार्क आणि डीझेल इंजिन

मालाची मोटार चढ चढूं लागली म्हणजे तिच्या मागील नळींतून जो काळा धूर निघतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं ह्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हां डीझेलच्या जागीं दुसरें कांहीं जाळतां येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढचा असला तरी त्याच्या उत्तराचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या श्वासाशीं आहे. ऊस व धान्य यांपासून निघणारा मद्यार्क हें एक उत्तर म्हणून पुढें केलें जातें. तें कितपत खरें आहे, याचा आज आपण थोडा विचार करूं.

मद्यार्क स्वच्छ जळतो याचें कारण त्याच्या घटनेंत आहे. डीझेल हें जवळजवळ सर्वस्वीं कर्ब आणि हायड्रोजन यांचें बनलेलें असतें. त्याचा फवारा पेटतो तेव्हां मधल्या भागास पुरेसा प्राणवायु मिळत नाहीं, आणि अर्धवट जळलेल्या कर्बाची काजळी होते. मद्यार्काच्या वजनाचा मात्र तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग प्राणवायूचाच असतो. इंधन स्वतःच प्राणवायु घेऊन येत असल्यामुळें काजळी धरण्यास फारसा अवसर राहत नाहीं. शिवाय मद्यार्क जळून जो कर्ब हवेंत जातो, तो उसानें वाढतांना हवेंतूनच घेतलेला असतो.

असें आहे, तर टाकींत सरळ मद्यार्कच कां ओतूं नये? रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या ह्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबानें ती तापते, आणि त्या तप्त हवेंत सोडलेलें इंधन आपोआप पेटतें. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनानें आपण होऊन पेट न घेणें हा गुण. येथें त्यानें तत्काळ पेट घेणें हा गुण. मद्यार्क पहिल्या जातीचा आहे. त्यांत डीझेलचा स्निग्धपणा नसल्यामुळें पंप झिजतो, आणि एक लिटर डीझेलचें काम करण्यास सुमारें १.७ लिटर मद्यार्क लागतो.

ह्या अडचणींतून मार्ग निघतो, हें स्वीडनमध्यें दिसून आलें. स्टॉकहोम शहरांत १९९० च्या सुमारास मद्यार्कावर बसगाड्या धावूं लागल्या. त्यांच्या पुढील नमुन्यांत हवा २८ पट दाबली जाई; नेहमींच्या डीझेल इंजिनांत ती साधारणतः १६ ते १८ पट दाबतात. मद्यार्कांतही लवकर पेट घेण्यास साहाय्य करणारें एक द्रव्य मिसळलेलें असे. त्याच पद्धतीची बस २०१४ च्या ऑगस्टमध्यें आपल्या नागपुरांत आली, पुढें तशा आणखीही गाड्या आल्या. परंतु २०१८ सालीं ती सेवा बंद पडली. यंत्र चाललें म्हणजे योजना चालली असें नव्हे. निराळें इंजिन, निराळें इंधन आणि त्यांचा नियमित पुरवठा हीं तिन्ही एकत्र असावीं लागतात.

दुसरा मार्ग मिश्रणाचा. पेट्रोलमध्यें मद्यार्क सहज मिसळतो, आणि त्याचें प्रमाण भारतांत २०२५ सालीं शेंकडा २० वर पोंचलें. डीझेलमध्यें मात्र पाण्याचा थोडा अंश असला, किंवा थंडी वाढली, कीं तो वेगळा होऊं लागतो. म्हणून आयसोब्युटेनॉल ह्या दुसऱ्या मद्यार्काकडे लक्ष गेलें आहे. त्याच्या रेणूंत कर्बाचे चार अणु असल्यामुळें तो डीझेलशीं अधिक सलोख्यानें राहतो.

आतां हिशेबाची दुसरी बाजू. भारतांत डीझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. त्यांतील लहानसा वाटा जरी उसाच्या मद्यार्कानें भरावयाचा म्हटला, तरी तो ऊस कोठें लावणार आणि त्यास पाणी कोठून आणणार? मराठवाड्यांतील ज्या घरीं उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, त्या घरास शहरांतील धूर कमी झाल्याचें काय समाधान? मळीपासून एक लिटर मद्यार्क काढतांना त्याच्या कित्येक पट दूषित पाणी मागें उरतें. त्याची नीट व्यवस्था न लावल्यास शहराच्या हवेंतील घाण गांवच्या ओढ्यांत गेली, इतकाच फरक पडेल.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. हरियाणांतील पानिपत येथें २०२२ सालीं भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क करण्याचा कारखाना राष्ट्रास अर्पण करण्यांत आला. जो पेंढा शेतांतच पेटवून दिला जात असे, त्याचेंच तेथें इंधन होतें. ह्यांत नवें शेत लागत नाहीं, पिकास वेगळें पाणी लागत नाहीं, आणि शेतांतला धूरही वांचतो. मद्यार्काचें खरें भवितव्य मला ह्या दिशेस दिसतें.

म्हणून, श्रोतेहो, एखादें इंधन स्वच्छ आहे असें आपणांस सांगण्यांत येईल तेव्हां गाडीच्या नळीकडे अवश्य पाहावें. पण तेथेंच थांबूं नये. तें कोणत्या शेतांतून आलें, कोणाचें पाणी प्यालें आणि मागें काय ठेवून आलें, हेंही विचारावें. ह्या सर्व प्रश्नांस जें इंधन समाधानकारक उत्तर देईल, तेंच स्वच्छ म्हणावयाचें.