डबा उलटा करून बघा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडं नीटनेटकं करून.)



कार्यक्रम ठरवताना सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही मेंटेनन्समधले. गाड्यांबद्दल काहीतरी उपयोगाचं बोला. दहाच मिनिटं." बारामतीच्या एमआयडीसीत तीस वर्षं मशिनींचं ऑइल-ग्रीस बघितलं, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी जिन्यात गाठून विचारतंच, "गाडीला सिंथेटिक ऑइल टाकायचंय. दुकानदार स्वतःच्या नावाचा डबा स्वस्तात देतोय. तो घेऊ, का मोठ्या कंपनीचा?" आज त्याचं उत्तर देतो. पण त्याआधी मला एक जुना हिशोब मिटवायचा आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्या जनरेटरचं ऑइल बदलायचं होतं. तेव्हाच्या खजिनदारांनी इंदापूरहून एका दुकानाच्या लेबलचं ऑइल आणलं. वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नावाजलेली कंपनी सोडून हे असलं ऑइल? चार पैसे वाचवायला सोसायटीचं इंजिन मारायचंय का?" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "कमिशन किती मिळालं?" लोक हसले. मी त्या माणसाला थांबवलं नाही. पुढच्या वर्षी खजिनदारांनी पद सोडलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी मुलाच्या मोटारसायकलला ऑइल टाकलं. साधंसुधं नाही. मोठ्या कंपनीचं, मोटारीचं, फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. महाग तेच चांगलं, असा माझा हिशोब. आठ दिवसांत पोरगा म्हणाला, "बाबा, गाडी नुसती रेस होते, पळत नाही." क्लच घसरत होता. मोटारसायकलीचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडलेला असतो. पेट्रोल वाचावं म्हणून मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. मोटारीला ती चांगली, पण या क्लचला ती निसटायला लावतात. ऑइल काढून टाकलं, क्लच प्लेटा बदलल्या. ऑइल चांगलंच होतं. चूक माझी होती.

त्या दिवशी पहिल्यांदा मी डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं. मग आठवलं आणि जनरेटरच्या खोलीत गेलो. खजिनदारांनी आणलेला तो रिकामा डबा अजून कोपऱ्यात होता. त्यावर लिहिलं होतं: १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४. जनरेटरच्या पुस्तकात काय मागितलं होतं? १५डब्ल्यू-४०, सीआय-४. अक्षराला अक्षर जुळत होतं. खजिनदारांनी पुस्तक वाचून ऑइल आणलं होतं. मी मात्र डब्यावरचं नाव वाचून भाषण केलं होतं.

आता उत्तराकडे येतो.

इंजिन ऑइल म्हणजे दोन गोष्टी. मोठा भाग मूळ तेलाचा, ज्याला बेस ऑइल म्हणतात. उरलेला रसायनांचा मसाला: काजळी धरून ठेवणारी, झीज थांबवणारी, गंज रोखणारी. हा मसाला बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात चारच: ल्युब्रिझोल, इन्फिनियम, अॅफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. त्यातल्या ल्युब्रिझोलचा कारखाना आपल्या नवी मुंबईत तुर्भ्याला आहे. मूळ तेल बनवणाऱ्या रिफायनऱ्याही मोजक्याच. म्हणजे भाजी वेगवेगळ्या घरची असली तरी मसाला ठरावीक गिरण्यांतला. गाड्यांच्या कंपन्या स्वतःच्या नावाचं 'जेन्युइन ऑइल' विकतात, तेसुद्धा सहसा एखाद्या ऑइल कंपनीकडून करून घेतलेलं असतं. त्यामुळे नाव दुकानाचं आहे एवढ्यावरून ऑइल वाईट ठरत नाही.

आणि 'सिंथेटिक' या शब्दावरही फार भाळू नका. अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. म्हणणं असं, की कॅस्ट्रॉल ज्याला सिंथेटिक म्हणतं ते खनिज तेलावरच जास्तीची प्रक्रिया करून केलेलं आहे. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळानं १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं दिला. तेव्हापासून खूप शुद्ध केलेलं खनिज तेल, म्हणजे गट तीनचं, आणि रसायनशाळेत घडवलेलं गट चारचं, दोन्ही सिंथेटिक म्हणून विकली जातात. गट तीनचं तेल वाईट नाही, रोजच्या गाडीला ते उत्तम चालतं. पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'फुल सिंथेटिक' लिहिलंय, एवढ्यानं दोन डबे सारखे होत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत.

मग बघायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, जाडी. १०डब्ल्यू-३० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आणि दुसरा ऑइल १०० अंशाला तापल्यावर किती जाड राहतं ते. पळसदेवला बर्फ पडत नाही हे खरं, पण म्हणून मनानं जाड ऑइल टाकायचं नाही. नव्या इंजिनातल्या फटी आणि वाटा बारीक असतात. पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका.

दुसरी, दर्जाची अक्षरं. एपीआयपुढे एस आला तर पेट्रोल इंजिन, सी आला तर डिझेल. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. गिअरच्या मोटारसायकलला त्याशिवाय 'जासो एमए' किंवा 'एमए-२' पाहिजे. बिनगिअरच्या स्कूटरला 'एमबी' चालतं, तिचा क्लच कोरडा असतो. हे मला वेळेवर कळलं असतं तर क्लच प्लेटांचे पैसे वाचले असते. फिल्टर असलेली बीएस-६ डिझेल मोटार असेल तर तिला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर एक्झॉस्टमधला महागडा फिल्टर चोंदतो. काही गाड्यांच्या पुस्तकात गाडीच्या कंपनीची खास मंजुरी मागितलेली असते. ती दुकानाच्या डब्यावर नसेल तर मुकाट्यानं मोठ्या कंपनीचा डबा घ्या. तिथं जास्तीचे पैसे त्या मंजुरीचे आणि तिच्यामागच्या चाचण्यांचे असतात, ते वाया जात नाहीत.

तिसरी, बनवणारा कोण. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'विक्रेता' आणि 'उत्पादक' वेगळे असतील तर दोन्ही वाचा. पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आणि जाडी-दर्जाच्या ऐवजी नुसतं 'सर्व गाड्यांसाठी उत्तम' लिहिलंय, असा डबा फुकट दिला तरी घेऊ नका.

मंडळी, आपल्याकडे खरी भीती दुकानाच्या डब्याची नाही, नकली डब्याची आहे. आणि नक्कल कुणाची होते? ज्याचं नाव मोठं, त्याचीच. मोठ्या कंपनीचा रिकामा डबा भंगारात जातो, त्यात गाळलेलं जळकं ऑइल भरलं की झाला नवा. म्हणून बिल घ्या, झाकणाची कडी आणि आतलं सील बघा, आणि रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडूनच तो भंगारात द्या. जळकं ऑइल गटारात ओतू नका. आपलं गटार शेवटी उजनीलाच जातं.

आणखी एक. दोन चांगल्या ऑइलमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक ऑइल वेळेवर बदलण्या-न बदलण्यात असतो. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ किती असते ते तुम्हाला माहीत आहे. धुळीच्या रस्त्यावर गाडी चालवत असाल तर पुस्तकंच सांगतात की लवकर बदला. एअर फिल्टरही झटका. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ दिसतं, आणि आपण पाहुणे घेऊन बघायला जातो. ऑइल किती उतरलंय हे बघायला मात्र डिपस्टिक कुणी बाहेर काढत नाही. पंधरा दिवसांतून एकदा काढा. स्वस्त ऑइल वेळेवर बदललेलं इंजिन मी चालताना पाहिलंय. महाग ऑइल दोन वर्षं तसंच ठेवलेलं इंजिन सीझ झालेलंही पाहिलंय.

तर उत्तर सरळ आहे. पुस्तक उघडा, डबा उलटा करा. पुस्तकात मागितलेली सगळी अक्षरं डब्यावर असतील आणि बनवणारा पत्त्यानिशी उभा असेल, तर दुकानाच्या नावाचा डबा बिनधास्त घ्या आणि उरलेल्या पैशात ऑइल वेळेवर बदला. अक्षरं जुळत नसतील तर नाव कितीही मोठं असू द्या, तो डबा तुमच्या गाडीचा नाही.

आता हिशोब मिटवतो. आपले तेव्हाचे खजिनदार पहिल्या रांगेत बसलेत. तो डबा मी वाचला त्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याबरोबर कितीदा चहा प्यायलो, पण हे बोललो नाही. आरोप मी भर सभेत केला होता, म्हणून माफीही भर सभेतच मागतो. भाऊसाहेब, तुमचं ऑइल बरोबर होतं. ते जनरेटर त्याच ऑइलवर व्यवस्थित चाललं. मी न वाचता बोललो, आणि मागून तो प्रश्न आला तेव्हा गप्प राहिलो, ती त्याहून मोठी चूक. मला माफ करा.

इथल्या तरुण मुलांना एवढंच सांगतो. सोसायटीचा कारभार फुकट काम करणाऱ्या माणसांवर चालतो. उद्या कुणी स्वस्तात काही आणलं, तर सभेत उभं राहण्याआधी डबा उलटा करून बघा.