शनिवार तेल्यांचे मत

(रविवारच्या सभेत केलेले भाषण)



या देशात निवडणूक शनिवारीच होते. १९११ साली संघराज्याने कायद्यानेच हा वार ठरविला आणि १९२४ पासून मतदान सक्तीचे केले. म्हणजे मत द्यावयाचे ते शब्बाथला, न दिले तर दंड. संध्याकाळी हवदाला करून जाऊ म्हणावे, तर मे महिन्यात तारे दिसून हवदाला उरकेपर्यंत सहा वाजून जातात आणि सहाला केंद्राचे दार बंद होते.

मी आयुष्यभर परिचारिका होते. शनिवारच्या पाळ्या केल्या, त्याची मला खंत नाही. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा, असे आपले धर्मशास्त्रच सांगते. परंतु मतपत्रिकेवर पेन्सिलीने आकडे लिहिणे म्हणजे कोणाचा जीव वाचविणे नव्हे. उमेदवारांचे याविषयी निराळे मत असू शकेल.

यावर तोड आहे ती आगाऊ मतदानाची. ते कोणाला करता येईल याची जी कारणे कायद्यात दिली आहेत, त्यांत धर्मश्रद्धा हे कारण स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही पहिल्या वेळी मी तेथे खोटे बोलले. ‘शनिवारी प्रवासात आहे,’ असे सांगितले. उगाच प्रश्न नकोत, वेगळेपण नको, एवढाच विचार. त्या खोट्याची बोच मनात बरीच वर्षे राहिली.

गेल्या खेपेस, ३ मे २०२५ च्या निवडणुकीसाठी, आगाऊ मतदान २२ एप्रिलला सुरू झाले. पेसाह नुकताच आटोपला होता. मॉसन लेक्सहून मी सकाळीच निघाले, तरी रांग होतीच. पक्षांचे कार्यकर्ते पत्रके देत होते. दारापासून सहा मीटरच्या आत मात्र त्यांना प्रचार करता येत नाही. मागे एक इटालियन आजीबाई होत्या (वयाने माझ्याएवढ्याच, तेव्हा आजीबाई मीही). त्यांच्या घोट्यांवरची सूज पाहून मला राहवेना. आतून खुर्ची मागवून त्यांना बसविले. मग त्यांनी सुनेविषयी जे सांगितले, ते येथे सांगण्याजोगे नाही.

पुढे एक तरुण मुलगी फोनवर आईशी मराठीत बोलत होती. ती नवी नागरिक, तिचे पहिलेच मत. “मावशी, इथे बोटाला शाई लावत नाहीत?” तिने विचारले. नाही, म्हटले, ओळखपत्रही मागत नाहीत. हिरव्या पत्रिकेवर सर्व उमेदवारांना पसंतीक्रमाने आकडे द्यायचे, एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही; पांढरीवर रेषेच्या वर निदान सहा. कोणाला मत द्यावे, हे तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

“पण तुम्ही आजच का आलात?”

क्षणभर तेच जुने उत्तर ओठांवर आले. मग मी म्हटले, “आम्ही बेने इस्राएल. कोकणात आमचे पूर्वज घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.”

ती हसली. “मी अलिबागची आहे! शाळेत जाताना आम्ही रोज इस्राएल आळीतून जायचो.”

मग रांग केव्हा सरली, कळले नाही. मागेन अबोथ सिनेगॉग, पावसातली ती आळी, भरतीच्या पाण्यातला कुलाबा किल्ला. ॲडलेडमध्ये उभ्या राहून आम्ही दोघी अलिबागभर फिरलो.

टेबलाशी नाव, पत्ता आणि ‘या निवडणुकीत आधी मत दिले आहे का’ एवढे विचारले. शनिवारी येणे शक्य नाही ना, यावर मी म्हटले, “नाही. शनिवारी माझा शब्बाथ असतो.” तो मुलगा “बरं” म्हणाला आणि त्याने दोन्ही पत्रिका माझ्यापुढे सरकविल्या. इतकी वर्षे मी ज्याला भ्याले, ते एवढेच होते.

राज्याची निवडणूक २१ मार्च २०२६ रोजी, तीही शनिवारीच. आगाऊ मतदानाला जाण्यासाठी ज्या वडीलधाऱ्यांना गाडी हवी असेल, त्यांनी सभेनंतर मला नाव द्यावे. अलिबागच्या मुलीनेही आपली गाडी देऊ केली आहे.