घरच्या टीव्हीवर संगीत नाटक : चांगलं कसं निवडायचं?

आपल्या बऱ्याच बचत गटांनी आता एक नवी रीत पाडली आहे. महिन्याची बैठक झाली, बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या, की ज्या ताईंकडं मोठा टीव्ही आहे त्यांच्या घरी बसून काहीतरी मिळून बघायचं. मोबाईल टीव्हीला जोडला की झालं. सिनेमे बघून झाले, कीर्तनं बघून झाली. आता दोन-तीन गटांनी विचारलंय की, आम्हाला जुनं संगीत नाटक बघायचंय, पण एकाच नाटकाचे चार-पाच प्रयोग मोबाईलवर दिसतात. त्यातला कुठला लावायचा? आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

प्रश्न छोटा वाटतो, पण तसा नाही. वीस बायका शेरडं-गुरं, स्वयंपाक, शाळेतली पोरं सांभाळून दोन तास काढतात. पहिल्याच दिवशी ऐकू न येणारं, अंधारं, अर्धवट काहीतरी लावलं, तर अर्ध्या जणी उठून जातात. आणि जाताना म्हणतात, "नाटकबिटक आपल्यासाठी नसतंच, बाई." खरं तर वाईट असतं ते चित्रीकरण. नाव मात्र नाटकाचं खराब होतं.

आणि नाटक आपलं नाही असं आपण तरी म्हणू नये. मराठी नाटकाची सुरुवात आपल्या शेजारी, सांगलीला झाली. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथं 'सीता स्वयंवर' केलं. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्वांचं गाव नागठाणे, तेही सांगली जिल्ह्यातलंच. एवढं सगळं जवळ असून आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणींनी नाटक बघितलं? जत्रेतला तंबू पुरुषांचा आणि थिएटर शहरातलं. रात्री बाहेर राहायची मुभा बाईला नव्हती. कितीतरी वर्षं तर स्टेजवरच्या सुभद्रा आणि शारदासुद्धा पुरुषच होते. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका पुढं रंगभूमीवर आल्या, तेव्हा हे हळूहळू बदललं. म्हणून आज आपल्या ओसरीवरचा टीव्ही हेच आपलं थिएटर आहे. मग त्यात काय लावायचं ते आपण पारखून घ्यायला नको का? बाजारात वांगी घेताना आपण दाबून बघतोच की.

आधी एक फरक लक्षात घ्या. मोबाईलवर नाटकाच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी सापडतात. एक म्हणजे स्टेजवरच्या खऱ्या प्रयोगाचं चित्रीकरण, ज्यात पुढं प्रेक्षक बसलेले असतात. दुसरी, स्टुडिओत कॅमेऱ्यासाठी मुद्दाम केलेलं नाटक. तिसरी, नाटकावरून काढलेला सिनेमा. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली आलं. त्याचं संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं, आणि खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा सिनेमा २०१५ साली आला. त्यात नवी गाणी घातली, गोष्टीतही बदल केले. सिनेमा चांगला आहे, जरूर बघा. पण सिनेमा बघून "आम्ही नाटक बघितलं" असं म्हणू नका. आणि नाटकाच्या चित्रीकरणात सिनेमासारखे महाल-घोडे दिसत नाहीत म्हणून नाराजही होऊ नका. प्रत्येकाचं माप वेगळं असतं.

आता पारख कशी करायची ते सांगते.

पहिली पारख कानानं करायची. संगीत नाटकात अर्धा जीव गाण्यात असतो, म्हणून चित्र थोडं अंधूक असलं तरी चालतं, आवाज खराब असला तर नाही चालत. प्रयोग लावा, खोलीत सगळ्यात मागं जाऊन बसा, डोळे मिटा आणि पाच मिनिटं ऐका. पात्रं काय बोलतायत ते शब्दन् शब्द कळतंय का? पद सुरू झालं की ऑर्गन आणि तबल्याच्या आवाजाखाली शब्द बुडतायत का? पंख्याची घरघर, खोकला, खुर्च्यांचा आवाज जास्त येतोय का? तसा येत असेल तर समजा, कुणीतरी मागच्या रांगेत बसून मोबाईलवर टिपलेलं आहे. ते सोडून द्या. नाटक मंडळीला न विचारता असं टिपणं हे त्यांचं कष्टाचं पोट मारण्यासारखंही आहे. मंडळीनं स्वतः टाकलेला किंवा दूरदर्शनसारख्या वाहिनीनं केलेला प्रयोग मिळाला तर तोच घ्या. टीव्हीचा स्वतःचा आवाज बारीक असतो. गावातल्या भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणून जोडला की मोठा फरक पडतो.

दुसरी पारख डोळ्यांनी करायची. कॅमेरा कुठं बघतोय ते बघा. स्टेजवरचा नट शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून मोठे हावभाव करतो, रंगभूषा ठळक करतो. कॅमेरा त्याच्या नाकाशी नेला, की तेच सगळं विचित्र दिसतं. याचं मोठं उदाहरण बालगंधर्वांचंच आहे. स्टेजवर त्यांच्या स्त्री-भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलं होतं. पण १९३७ साली बाबुराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ते मीराबाई झाले, तेव्हा लोकांनी तो उचलून धरला नाही. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. थिएटरातल्या अंतरानं आणि दिव्यांनी जे सांभाळून घेतलं होतं, ते कॅमेऱ्यानं सांभाळलं नाही. गाणं तेच, माणूस तोच, पण बघायची जागा बदलली.

म्हणून चांगल्या चित्रीकरणात कॅमेरा कधी जवळ जातो, कधी मागं येतो. गाणाऱ्याचा उघडा जबडा दहा मिनिटं सलग दाखवत नाही. जो ऐकतोय त्याचाही चेहरा दाखवतो. 'सौभद्र' घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे १८८२ सालचं नाटक. सुभद्रेचं लग्न बलरामदादा दुर्योधनाशी ठरवतो, तिचं मन मात्र अर्जुनावर. अर्जुन संन्याशाच्या वेशात त्यांच्याच घरी येऊन राहतो आणि बलराम त्याची मनोभावे सेवा करवतो. यातली सगळी गंमत एका वेळी दोघांना बघण्यात आहे. इकडं बलरामाची भक्ती, तिकडं संन्याशाची चुळबूळ. कॅमेऱ्यानं एकालाच दाखवलं तर विनोद मेला. अशी एखादी जागा आधी बघून घ्या, म्हणजे चित्रीकरण करणाऱ्याला नाटक कळलंय की नाही ते समजतं.

तिसरी पारख काटछाटीची. पूर्वी ही नाटकं रात्र-रात्र चालायची. एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळायचे आणि तेच पद पुन्हा पुन्हा गायलं जायचं. आज कुणाला तेवढा वेळ आहे? त्यामुळं नाटक कापून अडीच-तीन तासांचं केलं यात वावगं काही नाही. पण कापलं काय, ते बघायला हवं. काही ठिकाणी नुसती पदं एकापाठोपाठ लावलेली असतात. तो गाण्याचा कार्यक्रम झाला, नाटक नव्हे. 'शारदा'मध्ये बाप कांचनभट पैशाच्या लोभानं आपल्या कोवळ्या पोरीचं लग्न भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवतो. लग्न जमवणारा मध्यस्थ आहे, पोटात तुटणारी आई आहे. हे व्यवहाराचे प्रवेश कापले आणि नुसती गोड पदं ठेवली, तर मागं काय राहिलं? पोरीचा सौदा कसा होतो तेच बघायला मिळत नाही.

चौथी गोष्ट भाषेची. काही बायका म्हणतात, ही जुनी भाषा, वाड्यातली माणसं, आपला काय संबंध? म्हणणं अगदी खोटं नाही. 'सौभद्र' आणि 'स्वयंवर'मधल्या पदांची भाषा पहिल्यांदा ऐकताना जड जाते. म्हणून सुरुवात देवलांपासून करा. त्यांची भाषा घरातल्या बोलण्याजवळची आहे. 'शारदा' घ्या, नाहीतर हसायचं असेल तर 'संशयकल्लोळ' घ्या. त्यात फाल्गुनराव आपल्या बायकोवर, कृत्तिकेवर, संशय घेतो आणि ती त्याच्यावर. एका तसबिरीवरून घरात आग लागते. आज तसबिरीच्या जागी मोबाईल आला एवढंच. या नाटकाचं मूळ फ्रान्समधल्या मोलिएरच्या नाटकापर्यंत जातं. म्हणजे संशयी नवरा हा काही फक्त माणदेशात पिकत नाही!

बाहेरच्या देशातही हाच प्रश्न लोकांनी सोडवलाय. युरोपात गाऊन केलेल्या नाटकाला ऑपेरा म्हणतात. त्यात बहुतेक सगळं बोलणंच गाण्यातून असतं, आणि भाषाही बऱ्याचदा बघणाऱ्यांची नसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेनं २००६ साली आपले प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर खाली शब्दांचा अर्थ लिहून येतो. आपल्याकडं तसं नसेल तर आपण वेगळं करू. गटातल्या एका शिकलेल्या पोरीनं आधी नाटक बघून ठेवायचं आणि प्रत्येक अंकाआधी पाच मिनिटांत गोष्ट सांगायची. कोण कुणाचं कोण, आणि पदात काय म्हटलंय, एवढंच. मग शब्द सुटला तरी धागा सुटत नाही.

वेळेचंही सोपं आहे. पूर्ण नाटक एका दमात बघायचा हट्ट नको. अंक संपला की थांबा, पुढचा अंक पुढच्या बैठकीला. मधल्या महिन्यात विहिरीवर, रानात त्यावर बोलणं होतं, आणि पुढच्या वेळी बायका आपणहून लवकर येतात.

आता शेवटची पारख, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. नाटक संपल्यावर बायका बोलायला लागल्या का? 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पुढं १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला शारदा कायदा म्हणतात. पुष्कळांना वाटतं ते नाव या नाटकावरून पडलं. तसं नाही, ते हरविलास सारडा यांच्या आडनावावरून पडलं. त्या कायद्यात मुलीचं वय १४ होतं. आज २००६ च्या कायद्यानुसार मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा हवा. तरीही ऊसतोडीला जाताना, मेंढरांमागं जाताना, "पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची" म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी हळद लागते. इथं कांचनभटासारखा लोभच असतो असं नाही, बऱ्याचदा भीती असते. पण पोरीच्या वाट्याला येतं ते तेच.

म्हणून 'शारदा' बघून झालं की दिवे लावा आणि विचारा : या गोष्टीत शारदेला कुणी विचारलं का? लग्न मोडतं, ते तिनं नाही म्हटलं म्हणून मोडतं की दुसऱ्याच कुठल्या कारणानं? आपल्या वस्तीवर असं काही ठरत असेल तर आपण काय करणार? गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. १०९८ या नंबरवर फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. हे सगळं भाषण म्हणून सांगितलं तर बायका माना डोलावतात आणि घरी जातात. नाटकातल्या आईचा चेहरा बघून झाल्यावर विचारलं, तर कुणीतरी हळूच बोलायला लागतं. त्यासाठी त्या आईचा चेहरा दिसायला हवा आणि तिचा शब्द ऐकू यायला हवा. म्हणूनच मी एवढा वेळ आवाज आणि कॅमेऱ्यावर घालवला.

एक शेवटचं. टीव्हीवर बघितलं म्हणजे झालं असं समजू नका. वर्षातून एकदा गटानं थोडे-थोडे पैसे बाजूला टाकावेत आणि सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाहीतर साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात चांगला प्रयोग लागला की गाडी करून जावं. पुढं बसून समोरचं गाणं ऐकणं वेगळंच असतं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो, तेव्हा चौकशी करायला हरकत नाही. तोपर्यंत घरची ओसरी आहेच.

तुमच्या गटानं कुठलं नाटक बघितलं, आवाज कसा होता, बायका काय बोलल्या, ते आम्हाला नक्की कळवा. दुसऱ्या गटांना त्याचा उपयोग होईल.