पोटासकटचा फोटो

(इगतपुरी येथील बैठकीत केलेलं बोलणं, थोडं आवरून)



आजचा विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकीने विचारलं, "गरोदर बाया मोबाईलवर स्वतःचे फोटो काढतात, त्यात बोलण्यासारखं काय आहे?" मलाही आधी तसंच वाटलं होतं. अंगात रक्त नाही, पाड्यावर गाडी येत नाही, आणि आपण सेल्फीवर बोलायचं? पण गेल्या पावसाळ्यात जे घडलं त्यानंतर मला गप्प बसवेना.

आधी घरचं सांगते. माझ्या आईचा माझ्या वेळचा एक फोटो आहे. पुठ्ठ्याची चंद्रकोर, हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी असा फोटो असेल! साडी आत्याने निवडली, कसं बसायचं ते फोटोवाल्याने सांगितलं, आणि पोटावर पदर आजीने ओढला. डोहाळजेवणाचा फोटो आणि त्यात पोटच दिसत नाही. त्याच दिवशी वाटीखाली पेढा की बर्फी हा खेळही झाला, आणि पेढा निघाल्यावर म्हणे टाळ्या पडल्या. निघाले मी! गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात 1988 साली कायदा झाला, देशात 1994 साली. वाटीखालचा पेढा मात्र कुठल्याच कायद्यात बसत नाही.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणाआधीचा एकही धड फोटो नाही. "पोटुशी बाईने फोटो काढू नये, दृष्ट लागते," असं घरात म्हणाले आणि एम.एस.डब्ल्यू. झालेली मी गप्प बसले. जे आहेत त्यांत मी कुणाच्या तरी मागे उभी आहे, गळ्यापर्यंतच.

पाउला मोडरझोन-बेकर नावाची जर्मन चित्रकर्ती होती. नवऱ्याचं घर सोडून ती पॅरिसला राहत होती. तिथे 1906 साली तिने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, कमरेपर्यंत उघडं, पोट पुढे आलेलं. गंमत म्हणजे तेव्हा ती गरोदर नव्हतीच. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात ती गेली. वय 31. तिला स्वतःला तशी बघायचं होतं, एवढंच मला त्या चित्रातून कळतं.

आता ती पावसाळ्यातली गोष्ट. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. गावाचं नाव सांगत नाही. भावली धरणाच्या बाजूला मुंबईची जोडपी फोटो काढून घ्यायला येतात. झुळझुळीत लांब झगा, पोटावर दोघांचे हात. ही भाताच्या लावणीत वाकलेली असताना ते बघायची. मग घरामागच्या बांधावर जाऊन, केसात अबोली माळून, नवऱ्याच्या जुन्या मोबाईलवर तिने तसाच फोटो काढला. एकटीने. मला पाठवला. "ताई, मी चांगली दिसते ना?" खरंच चांगली दिसत होती. दर आठवड्याला एक फोटो यायचा आणि मी त्यावर लाल बदाम टाकायचे.

त्या मोबाईलमध्ये चेहरा उजळ आणि गाल बारीक करण्याची सोय आहे. "त्यात मी गोरी दिसते," ती म्हणाली होती. मी मनातल्या मनात गोरेपणावर भाषण केलं आणि सोडून दिलं. चूक तिथेच झाली.

पावसाने पंधरा दिवस मला तिच्याकडे जाता आलं नाही. गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. आदल्याच दिवशी आलेल्या फोटोत यातलं काही नव्हतं. आशाताईंना बोलावलं, दाब मोजला, 160 वर 110. त्याच जीपने ग्रामीण रुग्णालय, तिथून नाशिक. बाळ अपुऱ्या दिवसांचं, लहानखुरं झालं. दोघं वाचली.

पाचव्या महिन्यानंतर दाब 140 वर 90 च्या पुढे गेला आणि लघवीत प्रथिनं सापडली, तर तो आजार झटक्यांपर्यंत जाऊ शकतो. हे मी प्रशिक्षणात शंभर वेळा सांगितलंय. आणि ती सूज मोबाईल माझ्या डोळ्यांदेखत पुसत होता. पांढुरकेपणाचंही तेच. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या गरोदर बायांपैकी 52 टक्क्यांना रक्तक्षय होता. तो ओठांवर, पापणीच्या आत दिसतो. उजळलेल्या फोटोत कुठून दिसणार?

म्हणून फोटो काढू नका, असं मी म्हणणार नाही. ते आजवर सासवांनी पुष्कळ म्हटलंय. उलट बघा, बाईचा चेहरा हवा असतो तो इतरांना. 2025 च्या जुलैपासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठीसुद्धा मोबाईलपुढे चेहरा जुळवावा लागतो. अंगणवाडीताई इथे बसल्यात, त्यांना विचारा, घाटाखालच्या पाड्यावर रेंज येईपर्यंत पोटुशी बाई किती वेळ उभी राहते ते. तिथे ती कशी दिसते हे कुणी विचारत नाही. बांधावर अबोली माळून काढलेला फोटो एवढाच तिच्या मर्जीचा.

फक्त माझं एक मागणं आहे. नटून काढा, उजळ करा, आणि त्याच जागेवर एक साधाही काढा, काही न लावता. तो आशाताईंना दाखवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, तिथे दाब मोजूनच या. फोटोने दाब कळत नाही. आणि आपण कार्यकर्त्यांनी नुसता बदाम टाकून थांबायचं नाही. "डोकं दुखतं का? अंगठी निघते का?" एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? मी लिहिलं नव्हतं.

बाळ महिन्याचं झाल्यावर तिला भेटून आले. सुजलेल्या तोंडाचा एक फोटो आशाताईंनी त्या दिवशी काढला होता, तो तिने मागून घेऊन ठेवलाय. म्हटलं, बैठकीत दाखवू का? ती जरा विचार करून म्हणाली, "तो नको ताई. दाखवायचा तर अबोलीवाला दाखवा." मग म्हणाली, "नाहीतर राहू द्या, तो पण माझ्यापुरताच आहे."

म्हणून आज मी कुठलाच आणलेला नाही.