कुर्डुवाडी जंक्शन

सोलापूर जिल्ह्यांतील माढें तालुक्यांत, कुर्डू गांवानजीक कुर्डुवाडी वसलेली आहे. पंढरीच्या यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्या तिला गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणून ओळखत आल्या. या वाडीचा सारा इतिहास त्या एका अडचणींतच सांठवलेला आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून १८६० मध्यें सोलापुरास पोंचली. परंतु कापूस व गळिताच्या धान्याची मोठी पेठ जी बार्शी, ती या मार्गापासून वीस मैलांहून अधिक दूर राहिली. स्टेशन झालें तें कुर्डुवाडीस, आणि त्याला नांव मिळालें ‘बार्शी रोड’. बार्शीचा माल तेथवर बैलगाड्यांनीं यावयाचा.

ही उणीव एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या ध्यानांत आली. एकाही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं दिला नाहीं, तर हलके रूळ पुरतात आणि खर्चही आटोक्यांत राहतो, असा त्याचा हिशेब होता. १८९५ मध्यें विलायतेंत कंपनी स्थापन झाली व १८९७ मध्यें अडीच फुटी मार्ग बार्शीस गेला. पुढें १९०६ मध्यें पंढरपूर, १९११ मध्यें लातूर व १९२७ मध्यें मिरज जोडली गेली. लोक या गाडीस ‘बार्शी लाईट’ म्हणूं लागले.

पण अडीच फुटी वाघीण साडेपांच फुटी रुळांवर कशी चढावी? प्रत्येक पोतें येथें एका वाघिणींतून उतरून हमालाच्या पाठीवरून दुसरींत जाई. व्यापाऱ्यास तो खर्च व खोटी वाटे. हमालाच्या घरीं मात्र त्यावरच चूल पेटे. आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांचे थवे मोठ्या गाडींतून उतरून छोटीची वाट पाहत. छोट्या इंजिनांसाठीं कारखानाही येथेंच उभा राहिला. रुळांच्या दोन मापांमधील तीन फुटांच्या फरकावर एक गांव पोसलें गेलें.

१९५४ मध्यें ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. पुढें मार्ग रुंद होत गेले. २००८ मध्यें लातूरची बाजू पुरी झाली व मिरजेचीही लौकरच झाली. आतां लातूरचें पोतें वाघीण न बदलतां मुंबईस जाऊं शकतें. ही सुधारणा रास्त होती. शेतकऱ्याचा व प्रवाशाचा तींत लाभच आहे. मात्र त्या लाभाची किंमत कोणा एका पाठीनें मोजली, हें हिशेबाच्या वहींत कोठें लिहिलेलें नसतें.