मुख्यसेविकेचे शिक्षण

(बालशिक्षण परिषद, मालेगाव, जि. वाशीम : अध्यक्षीय भाषण)



महाराष्ट्रातील बालविकास कार्यक्रमांविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्याचा मोठा भाग दोन टोकांभोवती फिरत राहिला आहे. एका टोकाला शासनाचे धोरण, त्यातील तरतुदी आणि आकडे आहेत, तर दुसऱ्या टोकाला गावातील अंगणवाडी सेविका, तिचे मानधन, तिच्यावरील कामांचा बोजा आणि तिची आंदोलने आहेत. या दोहोंच्या मध्ये जी व्यक्ती उभी असते, जिच्या हातून धोरण गावात उतरते आणि गावाची अडचण वर पोहोचते किंवा वाटेतच विरते, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कागदोपत्री तिला मुख्यसेविका किंवा पर्यवेक्षिका म्हणतात, बोलण्यात ती ‘सुपरवायझर मॅडम’ असते आणि तिच्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या गटाला ‘बीट’ असे नाव आहे. बालविकास कार्यक्रमांचे नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचे प्रशिक्षण हा विषय आयुक्तालयापासून नव्हे, तर या बीटापासून तपासला पाहिजे, अशी प्रस्तुत भाषणाची भूमिका आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. सहा वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री आणि स्तनदा माता यांना पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण या सहा सेवा एकाच ठिकाणी मिळाव्यात, ही तिची मूळ कल्पना होती. सहा सेवा एकत्र आणण्याचा निर्णय दिल्लीत झाला, परंतु प्रत्यक्षात त्या एकत्र येतात की सहा वेगवेगळ्या नोंदवह्यांत विभागल्या जातात, हे गावात ठरते. ग्रामीण प्रकल्पात जिल्हा परिषदेतील महिला व बालकल्याण विभाग, तालुक्याचा बालविकास प्रकल्प अधिकारी, बीटाची मुख्यसेविका आणि शेवटी सेविका व मदतनीस अशी ही उतरंड आहे. तीत मुलाचा चेहरा रोज पाहणारी सेविका असते, आणि सेविकेचे काम प्रत्यक्ष पाहू शकणारी जवळची अधिकारी मुख्यसेविकाच असते.

साधारणतः 25 अंगणवाड्यांमागे एक मुख्यसेविका असावी, असे प्रमाण धरले जाते. महिन्याच्या कामकाजाच्या दिवसांतून प्रकल्प कार्यालयातील आढावा बैठक, सेविकांची मासिक सभा, अहवालांची जुळवाजुळव आणि ऐनवेळी येणारी मोहिमांची कामे वजा केली, तर एका अंगणवाडीच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम एक भेट येते, आणि मालेगाव तालुक्यात मेडशीच्या बाजूचे एखादे गाव व शिरपूरकडचे एखादे गाव एकाच दिवशी पाहावयाचे ठरल्यास ती भेटही तासाभरात आटोपावी लागते. त्या तासात काय पाहिले जाते, यावर मुख्यसेविकेच्या पदाचे सगळे स्वरूप अवलंबून आहे. आज हजेरी, आहाराचा साठा, वजनाच्या नोंदी, गृहभेटींची वही आणि 2021 पासून त्यांत भर पडलेले पोषण ट्रॅकर हे मोबाइल-उपयोजन यांची पाहणी होते. वाशीम जिल्हा 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आल्यापासून आकड्यांची ही भूक अधिकच वाढली. आकडे नकोत, असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु तपासणी आणि मार्गदर्शन ही दोन निराळी कामे असून तासाभराच्या भेटीत पहिलेच काम दुसऱ्याला गिळून टाकते, हे या क्षेत्रातील कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. समजा, एका मुलीचे वजन विसाव्या महिन्यात 9 किलो 400 ग्रॅम भरले आणि एकविसाव्या, बाविसाव्या व तेविसाव्या महिन्यांतही ते तेवढेच राहिले. वाढीच्या आलेखावर, म्हणजे मुलाचे वय आडव्या रेषेवर व वजन उभ्या रेषेवर दाखवणाऱ्या तक्त्यावर, चारही ठिपके हिरव्या पट्ट्यातच पडतात. नोंद वेळेवर झालेली आहे, आकडा अचूक आहे, उपयोजनात ती मुलगी ‘सर्वसाधारण’ दिसते आणि केवळ तपासणीला आलेली व्यक्ती समाधानाने सही करून पुढच्या गावाला निघते. आलेख वाचू शकणारी व्यक्ती मात्र तेथे थांबते, कारण ज्या वयात वजन दर महिन्याला थोडेथोडे तरी वाढावयास हवे, त्या वयात रेषा आडवी झाली आहे आणि पट्टा बदलण्याआधीच काही करण्याची हीच वेळ आहे. आता प्रश्न कोणते विचारावयाचे? सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतील, तर आई पहाटे शेतावर जाऊन दिवस कलल्यावर परतत असेल. मग दुपारी मुलीला कोण भरवते, घरी नेलेला आहार तिच्याच पोटात जातो की घरभर वाटला जातो, मधल्या काळात हगवण लागून गेली का, हे सारे विचारल्यावाचून पुढची पायरी ठरत नाही. हे प्रश्न मुख्यसेविकेने स्वतः विचारून टाकणे सोपे आहे. पण पुढच्या महिन्यात ती नसताना सेविकेला ते आपणहून सुचावेत अशा रीतीने, तिला चार बायकांसमोर उणे न लेखता, हे संभाषण घडवून आणणे कठीण आहे. बालविकास कार्यक्रमातील नेतृत्व म्हणतात ते हेच कौशल्य होय, आणि ते कोणत्याही परिपत्रकाने येत नाही.

हे कौशल्य शिकवण्याची सोय कितपत आहे? योजनेच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात सेविकेचे कार्यप्रशिक्षण, म्हणजे कामावर घेतल्यानंतर द्यावयाचे मूळ प्रशिक्षण, 26 कामकाजाच्या दिवसांचे होते. मुख्यसेविकेचेही तेवढेच असून ते मध्यमस्तर प्रशिक्षण केंद्रांत व्हावे, अशी योजना होती. अवधीपेक्षाही त्याचा आशय विचार करण्यासारखा आहे, कारण योजनेची माहिती, नोंदी आणि अहवाल यांना त्यात जेवढी जागा मिळाली, तेवढी प्रौढ स्त्रियांना शिकवावे कसे या प्रश्नाला मिळाली नाही. अलीकडच्या ‘पोषण भी पढाई भी’ या 2023 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय उपक्रमाने पूर्वशालेय शिक्षणाला पुन्हा महत्त्व दिले, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्याच्या रचनेत अधिकारी व पर्यवेक्षिका यांना दोन दिवस शिकवून त्यांनी पुढे सेविकांना तीन दिवस शिकवावे, असे ठरले. दोन दिवस ऐकलेले तीन दिवस शिकवण्याची ही किमया कोणत्याही शिक्षणशास्त्रात बसणारी नाही. साखळी प्रशिक्षण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत वरून निघालेले ज्ञान खालच्या पायरीपर्यंत झिरपत येईतो त्यातला जीव निघून जातो आणि उरतात ते पडद्यावरचे मुद्दे.

महाराष्ट्राला याहून निराळा मार्ग माहीत नव्हता, असे म्हणता येत नाही. 1926 मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ताराबाईंनी मुंबईत शिशुविहारचे काम उभे केल्यावर 1945 च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघरमधील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात ताराबाईंच्या सहवासात आलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलल्यानंतरही त्या दोघींचे एकत्र काम 1973 मध्ये ताराबाईंचे निधन होईपर्यंत चालू राहिले. वारली पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याची युक्ती निघाली. आज देशभर रूढ झालेले अंगणवाडी हे नाव त्याच कामातून आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही परिसरातली साधने वापरात आली.

या इतिहासाचा गौरव आपल्याकडे वारंवार होतो, पण प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट नेमकी सुटते. अनुताई पुढे ज्या संस्थेच्या प्रमुख झाल्या, तिचे व्यवस्थापन त्या कोठल्या वर्गात बसून शिकल्या नाहीत. मुलांसमोर रोज उभे राहणे, ताराबाईंसमवेत त्या कामाची चिकित्सा करणे, फसलेले बदलून पाहणे आणि त्याच वेळी नव्या सेविका तयार करणे, असे हे सगळे त्यांच्याकडून वर्षानुवर्षे एकाच जागी घडत राहिले. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी, शाळा आणि सेविकांचे प्रशिक्षण एकाच आवारात असल्यामुळे शिकवणाऱ्या व्यक्तीला मुलापासून दूर जाण्याची संधीच नव्हती. शासनाने कोसबाडकडून नाव घेतले आणि रचनाही काही अंशी घेतली. प्रशिक्षक स्वतः मुलांमध्ये काम करणारा असावा, ही अट मात्र घेतली नाही. योजनेच्या पन्नास वर्षांतील ही सर्वांत महागात पडलेली काटकसर होय.

इटलीतील रेज्जो एमिलिया या शहराने 1963 पासून नगरपालिकेच्या बालशाळा चालवताना हीच अट निराळ्या प्रकारे पाळली. तेथे काही मोजक्या बालशाळांमागे ‘पेडागोजिस्ता’ या नावाची एक व्यक्ती असते आणि शिक्षकांनी टिपलेली मुलांची बोलणी, चित्रे, खेळ समोर ठेवून त्यांच्याबरोबर विचार करणे हे तिचे प्रमुख काम असते. जबाबदारी अनेक शाळांची असल्याने ती आपल्या मुख्यसेविकेची जवळची नातेवाईक ठरते. अर्थात त्या श्रीमंत शहराची नक्कल मालेगावात करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच, की तेथील भेटीच्या केंद्रस्थानी मूल असते आणि वही त्यानंतर येते.

आपल्याकडे त्या भेटीची तयारी करावयाची, तर मुख्यसेविकेचा पहिला महिना एखाद्या चालत्या अंगणवाडीत सेविकेच्या जोडीने गेला पाहिजे. तिने गोष्ट सांगावी, बडबडगीते घ्यावीत, वजन करावे, रडणाऱ्या मुलाला सावरावे, आणि हे सारे अनुभवी सेविकेच्या नजरेखाली करावे. पदोन्नतीने आलेल्या मुख्यसेविकांना हा अनुभव असतो, सरळसेवेने आलेल्यांना बहुधा नसतो. त्याउलट, शिकवणे जमलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचे शिकवणे न बोलता पाहणे जमतेच असे नाही, म्हणून निरीक्षणाचे शिक्षण दोघींनाही हवे. यात भाषेचा प्रश्नही येतो. बंजारा तांड्यावरचे तीन वर्षांचे मूल घरी गोरबोली बोलते आणि अंगणवाडीत गप्प बसते. त्याची नोंद ‘प्रतिसाद देत नाही’ अशी झाली, तर दोष मुलाचा नसून नोंदणाऱ्या व्यक्तीच्या तयारीचा असतो. अशा ठिकाणी बहुधा त्याच तांड्यातली असलेली मदतनीस ही खरी शिक्षिका ठरते, आणि तिला खिचडीच्या पातेल्यापुरते न ठेवता गोष्टीच्या गोलात बसवणे हा नेतृत्वाचाच निर्णय आहे.

व्यवस्थापनाची बाजूही कमी महत्त्वाची नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. परंतु ती रक्कम कोठे व कशी मागावी, ठराव कसा मांडावा, हे सेविकेला ठाऊक नसते आणि मुख्यसेविकेलाही कोणी शिकवलेले नसते. तसेच 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट एकच पायाभूत स्तर मानला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एका सूत्रात आली. प्रत्यक्षात मात्र अंगणवाड्यांची मुख्यसेविका एका विभागात आणि प्राथमिक शाळांच्या गटाचा केंद्रप्रमुख दुसऱ्या विभागात राहिला. एकाच आवारातली दोन दारे उघडणाऱ्या या दोघांची कामानिमित्त एकत्र बैठक क्वचितच होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. रिक्त पदांमुळे एकेका मुख्यसेविकेकडे दुसऱ्या बीटाचा कार्यभार येतो, सेविका मानधनावर काम करते, ग्रॅच्युइटीचा तिचा हक्कदेखील 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावा लागला, आणि अशा वेळी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाची भाषा अनेकांना पोकळ वाटते. प्रशिक्षण हे रिक्त पदे भरण्याला किंवा योग्य मोबदल्याला पर्याय नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मात्र पदे भरल्यावर आणि मोबदला वाढल्यावरही, आडव्या झालेल्या रेषेपाशी थांबणारी मुख्यसेविका आपोआप निर्माण होणार नाही.

म्हणून या परिषदेची पंचायत समिती आणि बालविकास प्रकल्प कार्यालय यांना एकच विनंती आहे. येत्या जूनपासून मालेगाव तालुक्यातील किमान एका बीटात मुख्यसेविका आणि केंद्रप्रमुख यांनी महिन्यातून एक पूर्ण सकाळ एकाच अंगणवाडीत मुलांसमवेत घालवावी, त्या सकाळी कोणतीही नोंदवही तपासू नये, आणि जे पाहिले त्यावर सेविका व मदतनीस यांच्याबरोबर बसून बोलावे. यासाठी नवे पद, नवा निधी किंवा मुंबईची परवानगी लागत नाही. लागतो तो तालुक्याच्या पातळीवरचा एक लेखी आदेश, आणि तो काढण्याचा अधिकार असलेली मंडळी आज या सभागृहात उपस्थित आहेत.